माती आपली, पाणी शहाडला, आणि अंगठा कोणाचा?



भात झोडून झालं आणि आमच्या पाड्यावर जीपमधून दोन माणसं आली. एकाच्या हातात नकाशाची गुंडाळी, दुसऱ्याच्या हातात लाल रंगाचा डबा. कुठल्या खात्याचे म्हणून विचारलं तर "वरून आलोय" एवढंच म्हणाले. दिवसभर फिरून त्यांनी दगडांवर आणि आंब्याच्या खोडांवर लाल खुणा मारल्या. एक खूण आमच्या वाघोबाच्या दगडाच्याही वर, चांगली दोन पुरुष उंचीवर आहे. म्हणजे वाघोबा पाण्याखाली जाणार. संध्याकाळी त्यांनी समाजमंदिरात बायाबापे जमवले आणि वही पुढे केली. "हजेरी आहे. अंगठा लावा, चहा घ्या."

माझ्या आईने अंगठा शाईला टेकवलासुद्धा. मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून वही उलटवून पहिलं पान वाचलं. वर लिहिलं होतं की प्रस्तावित धरणाच्या सर्वेक्षणास व पुढील कार्यवाहीस ग्रामस्थांची हरकत नाही. मी मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "मंग माझा अंगठा कशापायी? मी हजर हाय येवढंच सांगत व्हते." तिने शाई लुगड्याला पुसली. त्या दिवशी वही कोरी परत गेली. पण ती पुन्हा येणार आहे. तुमच्याही पाड्यावर येणार आहे, कदाचित येऊनही गेली असेल.

म्हणून हा लेख. धरणाला माती लागते, दगड लागतो, कोट्यवधी रुपये लागतात. पण सगळ्यात आधी तुमचा अंगठा लागतो. तो हजेरीच्या नावाने फुकट जाऊ देऊ नका. आधी हिशेब, मग बोलणं.

"साधं मातीचं धरण आहे"

साहेब समजावतात की हे काही सिमेंटचं मोठं धरण नाही, साधं मातीचं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण खाचराला बांध घालतो तसाच जरा मोठा बांध असेल. तसं नाही. मातीचं धरण कसं बांधतात ते आपण समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याला सगळ्यात जास्त तिथेच फसवलं जातं.

मातीच्या धरणात एकच माती नसते. भिंतीच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, त्यातून पाणी सहज जात नाही. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं जाड कवच असतं, त्याने भिंतीला वजन येतं. पाण्याच्या बाजूला दगडाचं अस्तर लावतात, म्हणजे लाटांनी माती सुटत नाही. भिंतीखालून पाणी निसटू नये म्हणून पाया खोल खणून चर भरतात. थोडं पाणी झिरपतंच, ते माती न ओढता बाहेर जावं म्हणून वाळू-खडीचे थर ठेवतात. सगळी माती थराथराने टाकायची, पाणी मारायचं, रोलरने दाबायची. आणि बाजूला सांडवा काढायचा, कारण मातीच्या भिंतीवरून पाणी वाहता कामा नये. वाहिलं की भिंत खरवडून जाते.

आता विचार करा, ही माती येते कुठून? चिकणमाती सापडते खाचरात. ते खाचर आपल्या आज्या-पणज्यांनी बांध घालून, राब भाजून, वर्षानुवर्षं गाळ अडवून तयार केलेलं असतं. मुरूम सापडतो माळावर, जिथे आपली नाचणी-वरीची दळी आहे. दगड डोंगरातून येतो. शक्यतो जे बुडणार त्याच भागातली माती उचलतात. पण ती पुरली नाही, किंवा गाभ्याला चालण्यासारखी नसली, की बुडिताच्या बाहेरची जमीन खणतात. बुडिताच्या यादीत नाव नाही म्हणून जो शेतकरी निवांत बसला, त्याच्या शेतात एक दिवस पोकलेन उभा राहतो. वरची माती गेली की खाली खडक राहतो. त्या खड्ड्यात पुढे पावसाचं पाणी साचेल, पण भात होणार नाही.

म्हणून साहेब "यादी" म्हणाले की आपण विचारायचं, कुठली यादी? बुडिताची यादी वेगळी. माती, मुरूम आणि दगड जिथून काढणार त्याची यादी वेगळी. धरणावर जायचा रस्ता, कामगारांची वसाहत, पाण्याची पाइपलाइन यांची यादी वेगळी. चारी बाजूला पाणी भरून रस्ता तुटला की जो पाडा बेट होऊन राहतो, त्याची यादी तर कुणीच करत नाही. या सगळ्या याद्या एकदम, मराठीत, भिंतीवर लावून मागायच्या.

कडी लावलेलं घर

मी कातकरी आहे. आमच्या घराच्या नावावर सातबारा नाही. माझ्या आजीचा पाडा फार वर्षांपूर्वी असाच एका धरणात गेला. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकाच धरणाची नाही. जमीनवाल्यांना थोडे का होईना पैसे मिळाले. आजीला विचारलं, "तुझं काय गेलं?" तिचं काय गेलं ते लिहायला त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. नदीतले मासे, दगडाखालचे खेकडे, पहिल्या पावसातली शेवळं, श्रावणातली कंटोळी, मध, डिंक, सरपण, औषधाची मुळी. घरातली निम्मी भाकरी जंगल देत होतं. या भाकरीचा सातबारा कुणी काढला?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्व्हे नेहमी दिवाळीनंतर आणि पावसाच्या आधी होतो, जमीन कोरडी असते म्हणून. नेमकं तेव्हाच आमचं अर्धं गाव वीटभट्टीवर असतं. साहेब येतात, दाराला कडी दिसते, कागदावर लिहितात "घर बंद". पुढच्या कागदावर बंद घराचं रिकामं घर होतं. त्याच्या पुढच्या कागदावर घरच नसतं. भट्टीवरून जेठात परत आलेल्या माणसाला कळतं की आपण या गावचे नाही. कुणी भांडण केलं नाही, कुणी मारलं नाही, फक्त कडी लावलेली होती.

उंची वाढते, यादी वाढत नाही

"जेवढं आज बुडतंय तेवढंच बुडेल, पुढे काही नाही," असं प्रत्येक धरणाच्या वेळी सांगतात. आपल्या मुरबाडच्या बाजूचं बारवी धरण बघा. एमआयडीसीने कारखान्यांच्या पाण्यासाठी सत्तरच्या दशकात ते बांधलं. पुढे शहरं वाढली, ते पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबईकडे जाऊ लागलं. तहान वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. शेवटच्या टप्प्यात पाण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर झाली. चार मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण त्या चार मीटरमध्ये धरणाचं पाणी सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३३८ च्या वर गेलं. धरण वर वर पसरट होत जातं. वरचा एक हात खालच्या हातापेक्षा जास्त जमीन खातो. तोंडली, काचकोली, मोहघर, सुकाळवाडी ही नावं त्या वाढीव पाण्याच्या हिशेबातली आहेत.

म्हणजे आज ज्याच्या घराच्या खाली लाल खूण आहे त्याने हसू नये. आज पाणी तुझ्या उंबऱ्याखाली थांबतंय, वीस वर्षांनी उंची वाढवायची टूम निघाली की उंबऱ्यावरून आत येईल.

पण बारवीतून दुसरीही गोष्ट शिकण्यासारखी आहे. भिंत उंच करून झाली, दरवाजे बसवायची तयारी झाली, तरी कित्येक वर्षं पूर्ण उंचीला पाणी अडवता आलं नाही. का? धरणग्रस्त हटले नाहीत म्हणून. आधी पुनर्वसन, मग पाणी, असं ते म्हणत राहिले. शेवटी सरकारला ठरवावं लागलं की या धरणाचं पाणी जी शहरं पितात त्या शहरांच्या महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसी यांनी धरणग्रस्तांच्या घरातल्या माणसाला नोकरी द्यायची. पूर्ण उंचीला पाणी भरलं ते २०१९ च्या पावसाळ्यात. नियुक्तीची पत्रं बऱ्याच जणांच्या हातात पडायला त्यानंतरही वर्षं गेली.

कुणी म्हणेल, बघा, नोकरी मिळाली ना? मिळाली. लढले म्हणून मिळाली, न मागता नाही. आणि नोकरी एका घरात एकाला. जंगल आणि शेत घरातल्या सगळ्यांना पोसत होतं, न शिकलेल्या म्हातारीलाही. नोकरीवाला साठाव्या वर्षी घरी बसतो, शेत बसत नाही. पहिल्या टप्प्यात धरण झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. तो १९७६ साली आला, आणि तोही देशात पहिला म्हणून कौतुक झालं. त्याच्या आधी जे उठले त्यांचं काय, हे आजही कुणी विचारत नाही.

शहाडच्या पुलावर

मुरबाडहून कल्याणला जाणारी एसटी शहाडच्या पुलावरून जाते. आपल्यातले कितीतरी जण भट्टीवर, बांधकामावर, भाजी विकायला, दवाखान्यात याच रस्त्याने जातात. पुढच्या वेळी खिडकीतून नदीकडे बघा.

ही उल्हास नदी. उन्हाळ्यात आपले ओढे आटतात, मग हिच्यात पाणी कुठून? एक तर बारवीतून सोडलेलं. दुसरं, वरच्या मावळातलं पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून नदीत पडतं, ते. शंभर वर्षांपूर्वी विजेसाठी जी गावं उठवली, त्यांच्या शेतांवर साठलेलं ते पाणी आहे. वाटेत जांभूळला एमआयडीसी पाणी उचलते. खाली मोहन्याला उचलतात. शहाडला मोठे पंप आहेत, ते पाणी भिवंडीजवळ टेमघरला नेऊन शुद्ध करतात आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाठवतात. समुद्राकाठच्या माणसाने नळ सोडला तर त्यात आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस येतो. त्याला ते माहीत नाही. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही.

मी लहान असताना आम्ही पावसाळा सोडून बाकी वर्ष टिटवाळा-शहाडच्या बाजूला एका भट्टीवर असायचो. भट्टीवर प्यायचं पाणी टँकरचं, तेही मालकाच्या मर्जीने. जवळून एक मोठी पाइपलाइन जायची, माणूस आत उभा राहील एवढी. तिच्या एका व्हॉल्व्हमधून पाणी उडायचं. आई पहाटे हंडा घेऊन तिथे जायची, मी तांब्या घेऊन मागे. रखवालदार यायचा, शिव्या द्यायचा, "पाणी चोरता काय?" आई काही बोलायची नाही. आता मी मोठी झाले, नकाशा वाचायला शिकले आणि कळलं की चोर म्हणून ज्या पाण्यावरून आम्हाला हाकललं ते आमच्याच बाजूच्या डोंगरातून आलेलं होतं. पाइपमध्ये गेलं की पाण्याला मालक मिळतो. ओढ्यात होतं तेव्हा त्याचा मालक कुणी नव्हता, म्हणून ते सगळ्यांचं होतं.

"मग शहराने पाणी प्यायचं नाही का?"

हा प्रश्न आपल्याला मोर्चात, तहसीलदार कचेरीत, पेपरात सगळीकडे विचारतात. उत्तर घाबरून देऊ नका, सरळ द्या. प्यायचं. तहानलेल्याला पाणी देऊ नये असं आपल्या कुठल्याच पाड्यात शिकवलेलं नाही. वाटसरूला आधी पाणी, मग "कुठला तू" हा प्रश्न.

पण आपणही चार प्रश्न विचारू. त्याच शहाडजवळ नदीत शहरांचा मैला आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, आणि मोहन्याच्या बाजूला पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. वालधुनी नदीचं काय झालं ते उल्हासनगर-अंबरनाथच्या माणसाला विचारा, तो नाकाला रुमाल लावून सांगेल. हातातली नदी घाण करायची आणि डोंगरातली स्वच्छ नदी मागायची, हा कुठला न्याय? जुन्या गंजलेल्या पाइपातून गळून जाणारं पाणी आधी कोण मोजणार? पावसात छपरावरचं पाणी का साठवत नाहीत? एका सोसायटीत पोहायचा तलाव आणि शेजारच्या झोपडपट्टीत टँकरमागे धावणारी बाई, हे वाटप कोण दुरुस्त करणार? नवीन धरण झालं तरी ती बाई टँकरमागेच धावणार आहे. ती आपली वैरी नाही. आपल्यातल्याच कितीतरी जणी आज तिथे झोपडीत राहतात.

उल्हासनगरचीच गोष्ट घ्या. फाळणीत सिंधमधून घरदार टाकून आलेल्या माणसांना तिथे लष्कराच्या रिकाम्या बराकीत ठेवलं. आजही तिथे कॅम्प नंबरने पत्ता सांगतात. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्या लोकांचे फार हाल झाले. पण देशाने मान्य केलं की यांचं घर गेलंय, यांना भरपाई दिली पाहिजे, आणि १९५४ साली त्यांच्यासाठी कायदा केला. ते बरोबरच झालं. आमचा प्रश्न एवढाच आहे: त्यांचं घर सरहद्दीपलीकडे गेलं तर ते निर्वासित, आणि आमचं घर पाण्याखाली गेलं तर आम्ही विकासाच्या आड येणारे, असं का? घर गेलेल्याला घर गेलेल्याचं दुःख कळतं. उल्हासनगरच्या जुन्या माणसांना आपण हे जाऊन सांगितलं पाहिजे. मला वाटतं ते ऐकतील.

"धरण झालं की तुम्हालाही पाणी मिळेल" हे दुसरं गाजर. शेजारच्या शहापूर तालुक्यात जाऊन बघा. तानसा धरण १८९२ सालचं. मागाहून भातसाचं मोठं धरण झालं. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो, बाया रात्री विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. धरणाशेजारी राहून तहान भागत असती तर शहापूरची सव्वाशे वर्षांत भागली असती.

खेकड्यांवर आळ

धरणाच्या खाली राहणाऱ्या गावांनाही दोन शब्द सांगते. "आमचं काही बुडत नाही, आम्हाला काय?" असं म्हणून ते गप्प बसतात.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचंच धरण. खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं गेली. गळती होतेय म्हणून गावकऱ्यांनी आधी सांगितलेलं होतं. आणि धरण फुटल्यावर राज्याचे जलसंधारण मंत्री काय म्हणाले? खेकड्यांनी भिंत पोखरली!

आम्ही कातकरी खेकडे धरतच मोठे झालो. खेकडा बीळ करतो, खरं आहे. म्हणूनच मातीच्या भिंतीवर दर वर्षी माणूस फिरला पाहिजे, बिळं बुजवली पाहिजेत, भिंतीवरची झाडंझुडपं काढली पाहिजेत, झिरपणारं पाणी गढूळ येतंय का ते बघितलं पाहिजे. पाणी स्वच्छ झिरपलं तर ठीक, गढूळ आलं म्हणजे भिंतीच्या पोटातली माती वाहून चालली. हे आमच्या पोरालाही कळतं. ज्याला पगार मिळतो त्याने बघितलं नाही आणि आळ कुणावर? ज्याला वकील मिळत नाही त्याच्यावर. खेकड्याचं आणि आदिवासीचं नशीब यात सारखंच आहे.

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, तेही मातीचं होतं, नवंकोरं, काम पुरतं झालं नव्हतं तरी पाणी भरलेलं. अर्धं पुणं वाहून गेलं. तेव्हा धरण बांधणाऱ्यांनी भिंतीची हमी दिली तर विचारा, पुढच्या चाळीस वर्षांची देखभाल कोण करणार, पैसे कुठून येणार, पाणी सोडताना भोंगा कोण वाजवणार? याचं उत्तर लेखी घ्या.

"सरकारपुढे आपलं काय चालतं?"

आपली म्हातारी माणसं असं म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, त्यांनी फार सोसलंय. पण चालतं. आपल्याच मुरबाड तालुक्यात काळू नदीवर मुंबई परिसराच्या पाण्यासाठी मोठं धरण करायला घेतलं. हजार हेक्टरच्या आसपास जंगल जाणार होतं. वनखात्याची मंजुरी नसताना यंत्रं येऊन उभी राहिली. लोक श्रमिक मुक्ती संघटनेतर्फे कोर्टात गेले आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. खाण झाली नाही.

आता कायद्याच्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५). दाव्यांची तपासणी आणि हक्कांची मान्यता पुरी झाल्याशिवाय वनजमिनीवरून कुणाला उठवता येत नाही. ज्याचा दावा अजून कपाटात पडलाय तोही यात येतो. म्हणून दाव्याची पोच जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत.

दोन. त्याच कायद्याचं कलम ५. जंगल, पाणलोट आणि पाण्याचे झरे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे ओढ्याचं काय करायचं हे विचारायला ग्रामसभेकडेच यावं लागतं.

तीन. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. दहा पुरुष चहाच्या टपरीवर बसून ठराव करतील तर तो ठराव नाही. पेसा कायदा जिथे लागू आहे तिथे पाडासुद्धा आपली वेगळी ग्रामसभा मागू शकतो. आपल्या मुरबाडमधली काही गावं पेसात आहेत, काही नाहीत. आपलं आहे का ते आधी पंचायतीत विचारा.

चार. कलम ३(२). गावाच्या सोयीसाठी, पिण्याच्या पाण्याची योजना, पाणी अडवायचे छोटे बांध, लहान कालवे यासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. आम्ही पाणी अडवायच्या विरोधात नाही. प्रत्येक ओढ्यावर लहान बंधारे घाला, त्यांचं पाणी आधी पाड्याला द्या, उरलेलं खाली जाऊ द्या. अशा कामाला आम्ही श्रमदानाने येऊ.

हेही सांगते की कायद्याला भोकं पाडायचं काम चालूच आहे. २०२२ साली केंद्राने वनसंवर्धनाचे नियम बदलले आणि मंजुरी ग्रामसभेला न विचारता देण्याची वाट करून ठेवली. पण वनहक्क कायदा रद्द झालेला नाही. तो उभा आहे तोवर आपल्या "नाही" ला वजन आहे.

आता करायचं काय

१. कोऱ्या कागदावर, हजेरीच्या वहीवर, मोबाइलवर सही-अंगठा द्यायचा नाही. वही आली की पहिलं पान मोठ्याने वाचून घ्यायचं. वाचणारा आपला पाहिजे.

२. ग्रामसभेच्या वहीत आपला ठराव आपण लिहायचा, तारीख टाकायची, त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचा.

३. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक घराने दारावर कागद लावायचा: कुटुंबातली माणसं किती, कुठे गेलीत, कधी येणार. शेजाऱ्याने साक्ष द्यायची. "घर बंद" लिहू द्यायचं नाही.

४. सगळ्या याद्या आणि नकाशा मराठीत मागायचा. सांडव्याची उंची किती, पुढे वाढवणार का, हे लेखी मागायचं.

५. प्रत्येक पाड्याने आपलं काय काय जातं त्याची स्वतःची यादी करायची. झाड, झरा, देव, मसणवटा, मासे धरायचा डोह, शेवळं उगवणारी जागा. ती यादी बायांनी करायची, कारण ती त्यांनाच माहीत आहे.

६. आपल्यातलाच जो पोरगा नव्या मोटरसायकलवरून फिरत "पॅकेज चांगलं आहे" सांगतो, त्याच्याशी मारामारी करायची नाही. त्याला ग्रामसभेत बोलावून सगळ्यांसमोर विचारायचं, पेट्रोल कोण भरतं?

आमच्या पाड्यावरच्या लाल खुणा अजून आहेत. पोरांनी शेणामातीने पुसायचा प्रयत्न केला, रंग जात नाही. मी त्यांना सांगितलं, राहू दे. रोज त्या बघून आपल्याला आठवण राहील. आई आता प्रत्येक कागद आधी माझ्यासमोर धरते, रेशनचा असला तरी. परवा म्हणाली, "वाच बाय आधी. मंग बघू."

तुमच्याही घरात वाचणारं पोर असेल. त्याला हा लेख वाचायला सांगा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायला सांगा. वही आली की एकट्याने बोलू नका, सगळ्या पाड्याने बोला.

जल, जंगल, जमीन आपली! ग्रामसभा झिंदाबाद!